रुमालाखालची हॉटेलं

माझ्या नोकरीच्या काळात मी लंडन, न्यूयॉर्क, शिकागो अशा शहरांतल्या शेकडो हॉटेलांत माणसं पाठवली, आणि पैसे भरून होईपर्यंत त्यातल्या एकाही हॉटेलचं नाव मला माहीत नसायचं. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा दोनपैकी एक काहीतरी धरून चालतो. एक तर बाई थापा मारते आहे, नाहीतर बाईनं लोकांना टोप्या घातल्या आहेत. थापा मी मारत नाही. टोप्याही घातल्या नाहीत, बहुतेक. त्या ‘बहुतेक’पाशी मी शेवटी येणारच आहे, पण आधी ती मजा तर ऐका. तशी मजा मला आयुष्यात पुन्हा कशातही आली नाही.

कुवेत सिटीत दस्मानच्या बाजूला, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, आमची छोटी ट्रॅव्हल एजन्सी होती. दोन टेबलं, एक सोफा, भिंतीवर विमान कंपन्यांची कॅलेंडरं. माझे यजमान अहमदीला तेल कंपनीच्या ऑफिसात होते. आम्ही तिथल्या जुन्या क्वार्टर्समध्ये राहायचो आणि मी रोज सकाळी आणखी दोघींबरोबर एका गाडीनं शहरात यायचे. तिकिटं काढणं हे माझं काम. आमचे मालक अबू खालिद पासष्टीचे, धिप्पाड, हातात कायम माळ. त्यांच्या घराण्याचा मुंबईशी जुना व्यापार, त्यामुळे हिंदी बोलायचे, आणि तीही लहानपणी मुंबईच्या बाजारात ऐकलेली.

आमचं दुखणं एकच होतं. तिकीट परवडायचं, पण लंडनमधल्या हॉटेलचा आकडा सांगितला की गिऱ्हाईक सोफ्यावरून उठायचं. घरात इंटरनेट नुकतंच येऊ लागलं होतं त्या दिवसांत माझ्या न्यू जर्सीच्या भाच्यानं मला एका वेबसाइटबद्दल लिहिलं. ‘मावशी, इथं हॉटेल न बघता बोली लावतात,’ एवढंच.

आता ही भानगड काय ते सांगते. आधी शहर निवडायचं. त्या शहराच्या नकाशाचे तुकडे पाडलेले असत, त्यातला एखादा तुकडा निवडायचा. किती स्टारचं हवं ते सांगायचं, तारखा घालायच्या आणि मग आपणच आपला भाव लिहायचा, की एका रात्रीचे मी इतके देईन. कार्डाचा नंबर आधीच भरून ठेवायचा. बटण दाबलं की पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागायची. त्या तुकड्यातल्या एखाद्या हॉटेलला भाव पटला, की त्याच क्षणी पैसे कापले जायचे आणि मगच हॉटेलचं नाव दिसायचं. नाव आवडलं नाही, तारीख बदलली, घरात कुणी आजारी पडलं, काहीही झालं तरी पैसे परत नाहीत. भाव नाही पटला, तर काहीतरी बदलून पुन्हा बोली. यात हॉटेलवाल्यांचाही फायदा होता. खोली रिकामी राहण्यापेक्षा निम्म्या भावात गेलेली बरी, फक्त आपण निम्म्या भावात देतो हे चारचौघांत कळता कामा नये.

हे वाचलं आणि मी खुर्चीत ताठ बसले. हा धंदा माझ्या घरचा होता! माझे वडील, आबा, सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. तिथं बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबायची. भोवती पन्नास माणसं का उभी असेनात, भाव त्या दोघांतच. मी लहानपणी आबांची भाकरी घेऊन बाजारात जायचे आणि त्या हलणाऱ्या रुमालाकडे टक लावून बघत बसायचे. एकदा तरी हात घालावा अशी फार हौस होती. आबा म्हणायचे, “पोरीबाळींचं काम न्हवं ते, मंगल.” त्यांची आणखी एक सवय होती. सौदा होऊन आठ दिवस झाले की ते घेणाऱ्याच्या गावी चालत जायचे आणि बैल नव्या दावणीला खातोय का ते बघून यायचे. दलाली तर कधीच मिळालेली असायची. मी विचारलं, की आता कशाला तंगडतोड? तर म्हणाले, “बैल बोलत न्हाई गं, म्हणून जाऊन बघायचं.”

तर असा तो रुमाल इतक्या वर्षांनी कुवेतमध्ये माझ्या टेबलावर येऊन पडला होता, आणि अडवायला आबा नव्हते.

अबू खालिदांना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांच्या हातातली माळ थांबली.

“जिसका नाम नहीं मालूम, वो खरीदने का? मंगल, ये जुवा तो नहीं है?”

मग मी त्यांना सांगोल्याचा बाजार सांगितला. रुमाल, बोटं, सगळं. ऐकता ऐकता त्यांचा चेहराच बदलला. त्यांचे आजोबा मोत्यांच्या व्यापारात होते आणि तेही मोत्यांचा भाव असाच कापडाखाली बोटांनी ठरवायचे! मी सांगोल्याची, ते कुवेतचे, आणि दोघांच्याही घरात एकच रुमाल. आम्ही एकमेकांकडे बघून खुळ्यासारखे हसत बसलो. पण ते पक्के व्यापारी. जरा वेळानं म्हणाले, “मेरे दादा का हाथ छुपा रहता था, मोती नहीं. मोती सब लोग देखता था. तेरे सौदे में हाथ भी छुपा, मोती भी छुपा.”

दोन दिवस त्यांनी विचार केला. तिसऱ्या दिवशी स्वतःचं कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं आणि अट घातली. “ग्राहक को पहले सब बोलने का. जो मालूम है वो बोलने का, जो नहीं मालूम वो भी बोलने का.” मी मान डोलावली. ही अट मी एकदाच मोडली.

पहिले तीन महिने मी सपाटून आपटले. भाच्यानं लिहिलं होतं, की शहरातल्या मधल्या भागात ऑफिसवाल्यांची हॉटेलं असतात, ती सुट्टीच्या दिवशी ओस पडतात, तेव्हा बोली लाव. मी इमानेइतबारे सुट्टीच्या रात्री धरून बोली लावायचे आणि प्रत्येक बोली तोंडावर आपटायची. पट्टी सरकायची, आणि ‘नाही’. स्टार कमी केले, ‘नाही’. भाव वाढवला, ‘नाही’. माझा इंटरनेटवरचा विश्वासच उडायला आला होता. एका शनिवारी अबू खालिद लंडनच्या कुठल्याशा ऑफिसला फोन लावून वैतागले होते. “फिर बंद! ये अंग्रेज लोग शनिवार को काम क्यों नहीं करता?” आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तेव्हा कुवेतमध्ये सुट्टी गुरुवार-शुक्रवारची. इतकी वर्षं राहून ती अंगात इतकी मुरली होती, की मी लंडनलासुद्धा गुरुवार-शुक्रवारच सुट्टी दिली होती! नेमक्या ज्या रात्री तिथली हॉटेलं सुटाबुटातल्या माणसांनी भरलेली, त्याच रात्री मी निम्म्या भावात खोली मागत होते. त्याच दुपारी एका इंजिनिअर जोडप्यासाठी शनिवार-रविवारची बोली लावली. पहिल्या फटक्यात चार स्टार! मी एवढ्यानं ओरडले, की शेजारचा घड्याळवाला धावत आला.

मग मात्र मला कुणी धरू शकलं नाही. एक युक्ती तर मी स्वतः शोधून काढली आणि तिचा मला अजून गर्व आहे. बोली फसली की लगेच पुन्हा लावता यायची नाही, काहीतरी बदलावं लागायचं. नकाशाचा आणखी एक तुकडा जोडला तरी चालायचं, पण त्यात धोका, कारण गिऱ्हाईक भलतीकडेच जाऊन पडायचं. माझ्या लक्षात आलं, की काही तुकड्यांत चार स्टारचं हॉटेल मुळी नाहीच. तो तुकडा जोडला तर बोली नवी धरली जाते आणि जाऊन पडायला तिथं जागाच नाही. म्हणजे फुकटात आणखी एक बोली! असे रिकामे तुकडे हुडकण्यात मी किती दुपारी घालवल्या असतील. घरी पोळ्या लाटतानासुद्धा माझ्या डोळ्यांसमोर लंडनचा नकाशा असायचा. यजमान म्हणायचे, “तू अजून लंडन पाहिलं नाहीस, पण तिथं टॅक्सी चालवशील.”

सगळं मी एका चौकटीच्या वहीत लिहायचे. कुठला तुकडा, किती स्टार, कितीला मिळालं, हॉटेल कुठलं निघालं, आणि शेवटच्या रकान्यात गिऱ्हाईक परत येऊन काय म्हणालं ते. हा शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. परत आल्यावर माझ्याकडे येऊन खोलीची हकिकत सांगायची, हा माझा नियमच होता. लोकही हौसेनं यायचे. कुणी हॉटेलच्या साबणाच्या वड्या आणायचं, कुणी चहाच्या पुड्या. शिकागोला गेलेल्या एका पुणेकर काकांनी बॅगेतून इलेक्ट्रिक कुकर नेला होता. वरणाला फोडणी दिली आणि अख्ख्या मजल्यावर आगीची घंटा वाजली. काका मला येऊन रागानं म्हणाले, “चार स्टार म्हणता आणि साधा एक्झॉस्ट नाही!” मी वहीत लिहिलं, ‘फोडणी चालत नाही.’ एक कुवेती बाई होत्या, त्यांना नाव कळल्याशिवाय करमेना. बटण दाबायच्या आधी रोज येऊन म्हणायच्या, मला एकटीला कानात सांग. मला तरी कुठं माहीत होतं!

आणि ती पट्टी! फोनच्या तारेवर चालणारं ते इंटरनेट, त्यामुळे पट्टी सरकायला चांगला मिनिटभर लागायचा. गिऱ्हाईक माझ्या खांद्यामागं, अबू खालिद गिऱ्हाइकाच्या मागं, कुणी श्वास सोडत नाही. भाव लागला, की अबू खालिद “मबरूक!”, म्हणजे अभिनंदन, असं म्हणून टेबलावर थाप मारायचे आणि सगळ्यांना चहा सांगायचे. नुसती तिकिटं काढण्यात हे सुख कुठून येणार?

आता हसनमियां.

हसनमियां दापोलीकडचे, आमच्याच गल्लीत त्यांचं शिंप्याचं दुकान. कुवेती लोक घालतात ते लांब पांढरे झगे, दिशदाशा, ते शिवायचे. पहिली अकरा वर्षं बिऱ्हाड गावाकडे होतं, तेव्हा खोलीचं भाडं वाचवायला ते दुकानातल्या कटिंगच्या टेबलावरच झोपत. मग बायको-मुलीला आणलं. मुलगी रुखसाना कुवेतमध्येच वाढली. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची, पण मान खाली घालून, गोड. तिला घरांची चित्रं काढायचा नाद. लंडनच्या एका कॉलेजनं आर्किटेक्चरसाठी तिला मुलाखतीला बोलावलं होतं, एक सोमवारी, एक बुधवारी, दोन्ही सकाळी नऊला. स्कॉलरशिप त्यावरच ठरणार होती.

हसनमियां सोफ्याच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “भाभी, तिकिटाचा जमलाय. हाटेलाचा जमत नाय. पोरीला एकटी पाठवणार नाय आणि गावाबाहेर लांब कुठं ठेवणार नाय. तुमच्यानं जमला तर जाऊ. नाय जमला तर आज घरी जाऊन तिला नको म्हणून सांगतो.”

रुखसाना त्यांच्या शेजारी चित्रांची लांब नळी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं नळी घट्ट धरली.

मी त्यांना सगळं सांगितलं. नाव कळणार नाही, पैसे परत नाहीत, तारीख बदलणार नाही. शनिवार ते गुरुवार, पाच रात्री. शनिवार-रविवार माझ्या बाजूचे, पण पुढच्या तीन रात्री ऑफिसवाल्यांच्या. म्हणजे सौदा अवघड. त्यांनी आकडा सांगितला. त्याच्या वर एक पौंडही जाता येणार नव्हता.

पहिली बोली मी मुद्दाम खालची लावली, आबांच्या पद्धतीनं. नाही. रिकामा तुकडा जोडला, थोडी वर गेले. नाही. दुसरा रिकामा तुकडा, आणखी वर. नाही. माझ्याकडे आता एकच रिकामा तुकडा उरला होता आणि हसनमियांच्या आकड्याला चार पौंड कमी होते. पूर्ण आकडा टाकावा की दोन पौंड हातात ठेवावेत? फसली, तर पुढचा तुकडा खऱ्या हॉटेलांचा, नदीपलीकडचा, कॉलेजपासून लांब. आबा म्हणायचे, शेवटचं बोट सावकाश दाबायचं, पण दाबायचं. मी पूर्ण आकडा टाकला. बटण दाबलं. पट्टी निघाली आणि मधेच थांबली. अबू खालिद काहीतरी पुटपुटत होते. हसनमियां पडद्याकडे बघतच नव्हते, ते मुलीकडे बघत होते. पट्टी पुन्हा हलली.

लागली! चार स्टार, आणि नाव बघून मी वही उघडली तर ते कॉलेजपासून पायी दहा मिनिटांवर! “मबरूक! मबरूक!” अबू खालिदांनी टेबलावर अशी थाप मारली, की पेनं उडाली. रुखसाना “ओ माय गॉड, अब्बा” म्हणून रडायलाच लागली. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू. चहा आला.

हसनमियांनी चहाचा ग्लास हातात धरला आणि हळूच विचारलं, “भाभी, खाटा दोन हायत ना?”

मी पावती पुढं ओढली. पावतीवर स्वच्छ लिहिलं होतं, की दोन माणसांची सोय होईल, पलंग कोणता ते हॉटेल ठरवील. तोवर माझी गिऱ्हाइकं नवरा-बायको नाहीतर मैत्रिणी-मैत्रिणी. बाप आणि वयात आलेली लेक मी पहिल्यांदाच पाठवत होते. हे माझ्या लक्षात यायला नको होतं? मी काय परदेशात जन्मले होते? पण मला तेव्हा फक्त भाव दिसत होता. सगळं सांगितलं आणि नेमकं हेच राहिलं. अबू खालिदांनी ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पुढचे दहा दिवस मी त्या हॉटेलच्या मागं लागले. फोन केले, फॅक्स केले. उत्तर एकच, आल्यावर बघू. शनिवारी आमचं ऑफिस उघडं होतंच. संध्याकाळी फोन वाजला. हसनमियां हॉटेलच्या काउंटरवरून बोलत होते. “पोचलो, भाभी. खोली फस्क्लास हाय. पलंग एकच हाय, मोठा.”

“काउंटरवरच्या माणसाला फोन द्या.”

आणि मग मी जे बोलले तसं इंग्रजी मी आयुष्यात पुन्हा बोलले नाही. म्हटलं, आज शनिवार आहे, तुमचं हॉटेल ऑफिसवाल्यांचं आहे, आज तुमचे निम्मे मजले रिकामे असणार. आज यांना दोन पलंगांची खोली दिलीत तर बुधवारपर्यंत तुम्हाला बघायलाच नको. हे वडील आहेत, ही त्यांची मुलगी आहे, परवा तिच्या आयुष्याचा निकाल आहे. तो पोरगा नम्र होता, मधेमधे “मॅडम, मॅडम” म्हणत होता. मी थांबले नाही. शेवटी तो म्हणाला, बघतो. हसनमियां म्हणाले, “भाभी, तुमी ठेवा फोन. मी कळवतो.”

वीस मिनिटांनी फोन आला. “मिळाली, भाभी! दोन खाटा. तुमचा बोलणा कामाला आला.”

मी खुर्चीवरून उडी मारली. अबू खालिद दोन्ही हात वर करून ओरडले, “तेरा शनिवार जीत गया, मंगल!” त्या दिवशी त्यांनी अख्ख्या गल्लीला चहा पाजला. मी वहीच्या शेवटच्या रकान्यात ठसठशीत लिहिलं, ‘दोन पलंग मिळतात. शनिवारी पोचावं. फोनवर जोर लावावा.’

रुखसानाला प्रवेश मिळाला, स्कॉलरशिपही. हसनमियां पेढे घेऊन आले आणि वहीसाठी एक कापडी कव्हर शिवून आणलं, जाड, निळं, आत पेन ठेवायला कप्पा. मी खोलीबद्दल खोदून विचारलं नाही. विचारायचं काय? मला सगळं माहीतच होतं. माझ्या विजयाची ती गोष्ट मी पुढं किती जणांना ऐकवली त्याला गणतीच नाही. त्याच हॉटेलात पुढं एक गृहस्थ विधवा बहिणीला घेऊन गेले. परत येऊन तक्रार करायला लागले, की एकच पलंग मिळाला, किती मागितला तरी दुसरा दिला नाही. मी वही त्यांच्यापुढं धरली आणि फाडकन म्हटलं, “काका, तुम्हीच नीट बोलला नसाल.” बिचारे उठून गेले.

पुढं सगळ्यांच्याच घरी चांगलं इंटरनेट आलं. बोली कशी लावायची ते लोकांना मीच शिकवलं, रिकाम्या तुकड्यांची युक्तीसुद्धा. माझ्यासारखी दुसरी मूर्ख नाही. हळूहळू सोफ्यावर बसायला कुणी येईना. कुवेतनं सुट्टीचे दिवसही बदलले, शुक्रवार-शनिवार केले. अबू खालिदांनी एक दिवस दुकानाची किल्ली फिरवली आणि मला स्वतःची माळ भेट दिली. यजमान निवृत्त झाले आणि आम्ही पुण्याला आलो.

गेल्या वर्षी रुखसाना कामानिमित्त पुण्यात आली होती. आता मोठी आर्किटेक्ट आहे, केस बारीक कापलेत. जेवायला बोलावलं. जेवताना मी नेहमीप्रमाणे ती गोष्ट सुरू केली. सुनेनं आणि नातवंडांनी ती शंभरदा ऐकलेली, पण रुखसानासमोर सांगण्यात वेगळीच ऐट. “मी त्या काउंटरवाल्याला म्हटलं, आज शनिवार आहे...”

रुखसाना घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आंटी, बट देअर वॉज ओन्ली वन बेड.”

मला वाटलं, तिला आठवत नसेल. पण तिला सगळं आठवत होतं. दोन पलंगांच्या खोल्या सगळ्या एका टूर ग्रुपला गेलेल्या होत्या. शनिवार-रविवारी खोल्या स्वस्त असतात म्हणून तो ग्रुप आलेला, आणि सोमवारपासून पुन्हा ऑफिसवाले! काउंटरवरच्या त्या पोरानं दहादा माफी मागितली. हसनमियांनी तिला पलंगावर झोपवलं आणि स्वतः पाच रात्री खाली झोपले, अंगावर ओव्हरकोट घेऊन. सकाळी उठून तिच्या कपड्यांना इस्त्री करून द्यायचे. “अब्बा सेड, डोंट टेल आंटी. मला वाटलं, नंतर त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल.”

ती गेल्यावर मी दापोलीकडच्या गावी फोन लावला. हसनमियां आता ऐंशीला आलेत, ऐकायला कमी येतं. मी जोरातच विचारलं, “हसनमियां, खोटं का बोललात?”

त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग हसले.

“भाभी, तुमी त्या माणसाशी भांडत होतात ते मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. माझ्यासारख्या शिंप्यासाठी कोण एवढा भांडला नव्हता कधी. मग नाय मिळाली म्हणून कसा सांगू?”

मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, “पाठ दुखली असेल ना हो?”

“नाय, भाभी! कटिंगच्या टेबलापेक्षा मऊ होती. चार स्टारचा हाटेल, म्हणजे जमीन पण चार स्टारचीच.”

आणि आम्ही दोघंही फोनवर हसत बसलो, मी डोळे पुसत.

विधवा बहिणीला घेऊन गेलेल्या त्या काकांना शोधते आहे. सापडले तर माफी मागायची आहे. वही अजून माझ्याकडे आहे, निळ्या कव्हरात. त्या दिवशी ती काढली, लंडनचं पान उघडलं, ‘दोन पलंग मिळतात’ ही ओळ खोडली आणि खाली लिहिलं, ‘पलंग एकच. मी जाऊन बघितलं नाही.’